कादंबरी कुठे घडवायची: कोपरखैरण्यात की पाटणला?

एका तरुण लेखिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी कोपरखैरण्यात वाढले. वडील वाशी मार्केटला, भाजीपाला विभागात माथाडी, म्हणजे मालाची चढ-उतार करणारे कामगार. आमचं गाव साताऱ्याच्या पाटण तालुक्यात, पण जाणं-येणं मे महिना, यात्रा आणि गणपती एवढ्यापुरतंच. दोन भावांच्या तंट्याची कादंबरी डोक्यात तयार आहे, फक्त ती घडवायची कुठे ते ठरत नाही. गावाला निदान माती आहे, नवी मुंबईला तर इतिहासच नाही. शिवाय इथलं लिहिलं तर घरचे आणि शेजारचे ओळखतील. स्वतःच्या अनुभवातलं किती आणि कसं घ्यावं?"

उत्तर आधी सांगून टाकते: कोपरखैरण्यात घडवा. 'आपलं तेच लिहावं' असं म्हणतात म्हणून सांगत नाही, त्या उपदेशाने बरीच कंटाळवाणी पुस्तकं जन्माला घातली आहेत. तुम्ही ज्या घरात वाढलात तिथे काय काय करता येत नाही, हे तुम्हाला विचार न करता माहीत आहे. कादंबरीला जागेकडून नेमकं तेच लागतं. पात्राला काहीतरी हवं असतं आणि जागा आडवी येते, किंवा भलत्याच बाजूने वाट काढून देते. कुठल्या वेळी दार वाजवायचं नाही, कुणाच्या जिन्यावर दिसलं की चर्चा होते, महिनाअखेरीस कुठल्या दुकानासमोरून जायचं टाळायचं, ही माहिती नुसतं राहून मिळत नाही. तिथे कधीतरी अडावं लागतं.

गावी तुम्ही अडलेला नाहीत. गावी तुम्ही पाहुण्या आहात आणि पाहुण्याला गाव आपली चांगली बाजू दाखवतं. मे महिन्यातलं गाव म्हणजे सगळे मुंबईकर आलेले, घर माणसांनी भरलेलं, लग्नं, यात्रा, पालखी. जुलैत त्याच घरात दोन म्हातारी माणसं असतात, पाटणकडचा पाऊस असतो, भाताची लावणी असते, आणि रात्री कुणाला छातीत दुखलं तर गाडी कोण काढणार हा प्रश्न असतो. हे सगळं तुम्हाला फोनवरून कळलेलं आहे. खात्री करायची असेल तर ऑगस्टमधला एखादा साधा मंगळवार घ्या, दुपारचे चार. त्या वेळी घरात कोण कुठे आहे आणि काय करतंय, ते कुणालाही न विचारता लिहा. कोपरखैरण्याबद्दल पानभर सहज होईल. गावाबद्दल तिसऱ्या ओळीपासून गोठा, कौलं आणि चुलीचा धूर सुरू होईल, म्हणजे जे कधीही तिथे न गेलेला माणूससुद्धा लिहील.

आता तुमच्या घराकडे बघू, कारण खरा ऐवज तिथे आहे. भाजीपाला मार्केट रात्रीचं. गाड्या रात्री लागतात, पहाटेच्या आत माल उतरतो, किरकोळ विक्रेते उजाडायच्या आधी आपला माल घेऊन निघालेले असतात. म्हणजे माथाडीच्या घरचं घड्याळ उलटं. बाप दुपारी झोपतो. एका खोलीत, किंवा खोली-स्वयंपाकघरात, बाकीच्यांनी त्याच्या झोपेभोवती जगायचं. हे दोन प्रकारे लिहिता येईल. पहिला प्रकार:

"कोपरखैरणे ही माथाडी कामगारांची दाट वस्ती होती. घरं लहान होती आणि गल्ल्या अरुंद."

दुसरा:

"दुपारी बाबा झोपलेले असत, म्हणून आई डाळीचा कुकर खालच्या काकूंकडे लावायची. शिट्ट्या त्यांच्या घरात व्हायच्या, आणि आमच्याकडे रोज काय शिजतं ते काकूंना ठाऊक असायचं."

पहिल्यात खोटं काहीच नाही, पण पुढे काय लिहायचं ते त्यातून सुचत नाही. दुसऱ्यात घराचं मापही आलं, वडिलांच्या कामाची वेळही आली, आणि काकूंच्या हातात एक सत्ता आली. ज्या दिवशी कुकर खाली गेला नाही, त्या दिवशी काकूंना काहीतरी कळलं. तुमचा भावांचा तंटा असा बाहेर फुटू शकतो, कुणीही तोंड न उघडता. स्थळ निवडणं म्हणजे अशा सोयी-गैरसोयी निवडणं. वर्णन त्यामागून आपोआप येतं, आणि फारसं लागतही नाही.

'नवी मुंबईला इतिहास नाही' हे मात्र मी मान्य करणार नाही. हा समज सेक्टरांच्या आकड्यांमुळे झाला आहे. खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून मांडली. १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. शहरासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनात आल्या: भातशेती, मिठागरं, खाजणं. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई आणि दास्तान फाट्याला जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. आज गावठाणालगत ज्या इमारती दिसतात त्यांतल्या कितीतरी त्या साडेबारा टक्क्यांवर उभ्या आहेत, आणि त्यांच्या वाटण्यांवरून भावाभावांत जे झालं त्यावर स्वतंत्र कादंबरी होईल. (कुणी लिहीत असेल तर लवकर लिहावी, आठवणारी माणसं म्हातारी होत आहेत.)

तुमच्या घराचाही इतिहास याच्याशीच जोडलेला आहे. मुंबईतले घाऊक बाजार ऐंशी-नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला, म्हणजे आजच्या वाशी मार्केटला, आले. भायखळ्याच्या भाजीबाजारात पाठीवर ओझी वाहणारा माणूस खाडी ओलांडून आला तो बाजाराच्या मागे. सातारा-सांगलीकडून आलेल्या या लोकांसाठी कोपरखैरणे-घणसोलीत वसाहती झाल्या, बैठ्या घरांवर मजले चढले, वरच्या मजल्यावर भाडेकरू आले. टोळीत, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या माथाडींच्या गटात, जागा कुणाची, मुकादम कुणाच्या गावचा, निवृत्तीनंतर बापाच्या जागी कुठल्या मुलाने लागायचं, यावरून भाऊ भांडू शकतात. शेतीच्या बांधावरून भांडणारे भाऊ मराठी वाचकाने पुष्कळ पाहिले. टोळीतल्या एका जागेवरून भांडणारे फार नाही पाहिले.

एक सावधगिरी मात्र हवी. तुमचा अनुभव म्हणजे कोपरखैरणे नव्हे, कोपरखैरण्यातली एक पट्टी. वस्तीपासून पाच मिनिटांवर गावठाण आहे. तिथल्या आगरी घरातल्या मुलीचं कोपरखैरणे वेगळं: तिच्या आजीला ही जमीन शेत म्हणून आठवते, खाडीवर चिंबोऱ्या धरायला जाणं आठवतं, आणि तुमची वसाहत तिच्या दृष्टीने नंतर आलेली. पाम बीच रोडवरच्या टॉवरमधल्या माणसाला यातलं दोन्ही माहीत नसेल. मग गावठाण कादंबरीत आणायचंच नाही का? आणा, पण तुमच्या पात्राला दिसतं तेवढंच. घरमालकाचा ओटा, भाडं द्यायला गेल्यावर आतून येणारा सुकटीचा वास, गावदेवीच्या जत्रेला बंद झालेला रस्ता. आतल्या खोलीत शिरायचं असेल तर तिथे बसावं लागेल, महिनोन्‌महिने, आणि बोलण्यापेक्षा ऐकावं लागेल. आगरी बोलीतले चार शब्द वेचून संवादावर शिंपडण्याचा मोह तर आवराच. ज्यांची ती बोली आहे ते पहिल्याच ओळीला पुस्तक मिटतात, आणि योग्यच करतात.

ठाण्याबद्दल लिहिणाऱ्यांना तलावपाळीचा, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाचा, रोग असतो, नवी मुंबईच्या लेखकांना हल्ली फ्लेमिंगोचा झाला आहे. कृपा करून फ्लेमिंगो घालू नका. ते सुंदर आहेत, हिवाळ्यापासून खाडीत असतात, आणि तुमच्या पात्रांपैकी एकानेही त्यांच्याकडे मान वळवून पाहिलेलं नसणार. ज्या ठिकाणी पाहुण्याला नेतात ते ठिकाण कादंबरीत आलं की वाचकाला गाव कळतं, पण माणूस कळत नाही. अपवाद एकच: पात्राचं तिथे काम असेल तर. तलावपाळीला भेळेची गाडी लावणाऱ्याची गोष्ट असेल तर मासुंदा तलाव हवाच, आणि मग तो रविवारच्या गर्दीचा आणि महापालिकेच्या गाडीच्या धास्तीचा तलाव असेल.

माझं सांगते. लेखनाने घर चालायला लागण्याआधी मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात होते. १९६२ मध्ये एमआयडीसी झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. आता तिथे आयटी पार्क आहेत. माझ्या वेळी शिफ्टचे भोंगे होते आणि रस्त्यांना नावांऐवजी नंबर होते, ते अजून आहेत. पुढे मी त्या भागावर कादंबरी लिहिली तेव्हा तिच्यात मासुंदा नाही, कोपिनेश्वर नाही, गडकरी रंगायतनही नाही. माझी नायिका किसननगरहून सकाळच्या शिफ्टला चालत जाणारी. तलावपाळीला जायला तिला रविवारच मिळाला असता, आणि रविवारी तिला आठवड्याचं धुणं असायचं. पण जकात नाका आहे, भरपूर आहे. माल घेऊन गेलेला टेम्पो नाक्यावर अडकला की चलन परत येईपर्यंत आमचा सुपरवायझर घरी जाऊ द्यायचा नाही. त्या रिकाम्या दोन-तीन तासांत कारखान्यातली माणसं एकमेकांशी जे बोलायची ते कामाच्या वेळात कधीच बोलली नसती. कादंबरीतली अर्धी प्रकरणं त्या थांबण्यात घडतात. ठाण्यात जकात २०१३ मध्ये बंद झाली. आजच्या काळात तीच गोष्ट घडवायची म्हटली तर माणसांना एकत्र अडकवायला मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

यावरून वर्षाचा मुद्दा. स्थळ ठरवलं म्हणजे अर्धंच ठरवलं, साल ठरवेपर्यंत ते पक्कं होत नाही, आणि नवी मुंबईत तर अजिबातच नाही. मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला पोचली मे १९९२ मध्ये. त्याआधी मुंबईला जायचं म्हणजे पुलावरून बस. ठाणे-वाशी लोकल आली २००४ मध्ये. तोवर ठाण्याहून कोपरखैरण्याला यायला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्या रस्त्यावरचे ट्रक. आता समजा तुमच्या धाकट्या भावाचं ठाण्याच्या एका मुलीशी जमलं आहे. १९९८ मध्ये तो तिला भेटायला गेला तर बसच्या वेळा सांभाळणार, बसमध्ये ओळखीचं कुणी निघण्याची शक्यता धरून चालणार, आणि उशीर झाला तर घरी थाप मारावी लागणार. २००८ मध्ये तो लोकलने जाऊन जेवायच्या वेळेला परत. १९९८ च्या प्रेमात संकट घरातून निघतानाच सुरू होतं, २००८ च्या प्रेमात ते वेगळीकडून आणावं लागतं. आणि १९९५ च्या प्रकरणात कुणी कोपरखैरण्याहून ठाणे लोकल पकडली, तर त्या भागातला वाचक तुमचं पुढचं काहीही मानणार नाही.

कथा जुलै २००५ मधून जात असेल तर आणखी एक. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे आकड्यासकट ज्यांना पाठ आहे असे वाचक तुम्हाला भेटणार. तो दिवस येतोय हे कळताच ते श्वास रोखून बसतात आणि बाकी सगळं त्यांना बारीक वाटायला लागतं. एक तर तो दिवस पूर्ण वापरा, नाहीतर कथा जूनमध्ये संपवा किंवा २००६ ला सुरू करा. मी दुसरा मार्ग घेईन. पुराची वर्णनं खूप झाली. पाऊसच हवा असेल तर नवी मुंबईचा स्वतःचा घ्या: भराव टाकून उभ्या केलेल्या विभागांत पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव आहेत, भरती असली की त्यांच्या झडपा बंद राहतात, आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस आला तर पाण्याला खाडीत उतरायला जागाच नसते. म्हणून इथली जुनी माणसं पावसाच्या आधी भरतीची वेळ विचारतात. हे एखाद्या पात्राच्या तोंडी आलं की तो माणूस तिथलाच आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

साहित्य कसं जमवायचं, याबद्दल माझी एकच सवय सांगण्यासारखी आहे. आधी आठवणीतून लिहायचं, मग बघायला जायचं. उलट केलं की डोळ्यांसमोरचं आजचं कोपरखैरणे आठवणीतल्याला गिळून टाकतं. लिहून झालं की पात्राच्या वेळेला जा. पात्र पहाटे तीनला मार्केटला पोचत असेल तर तुम्हीही तीनला. वडिलांच्या ओळखीने आत जाता येईल, पण वाटेत उभं राहू नका, पाठीवर गोणी असलेल्या माणसाला थांबता येत नाही. फोटो कमी काढा. फोटोत सगळं सारखंच महत्त्वाचं दिसतं. परत येऊन पडताळून पाहिलं की दोन तऱ्हेच्या चुका सापडतात. लोकलचं साल, गाळ्यांची रचना, शाळेची वेळ या चुका दुरुस्त करायच्या. पण लहानपणी भलंमोठं वाटलेलं मैदान प्रत्यक्षात दोन इमारतींमधला तुकडा निघालं, तर निवेदक लहान असेपर्यंत ते मोठंच ठेवायचं. तसंच कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान. आज तिथे झाडं आहेत, लोक सकाळी चालायला येतात. पूर्वी तिथे डम्पिंग ग्राउंड होतं. तुमच्या पात्राच्या नाकात कुठला वास आहे ते साल ठरवेल.

ओळखण्याची भीती खरी आहे, ती उडवून लावणारे सल्ले मला आवडत नाहीत. वडील कादंबरी वाचणार नाहीत कदाचित, पण वाचलेला कुणीतरी त्यांना येऊन सांगेल, आणि सांगताना तिखट-मीठ लावून सांगेल. माझा अनुभव असा की जागा जितकी खरी ठेवाल तितकी माणसं मोकळेपणाने रचता येतात. स्टेशन, रस्ता, मार्केटची वेळ, बसचा थांबा खरा ठेवा. इमारत, तिचा नंबर, गाळा आणि टोळी मनाची करा. जिथे काही वाईट घडतं ती शाळा, तो दवाखाना, ती पतपेढीही मनाचीच, निनावी ठेवली तरी चालते. नाव बदलून मात्र माणूस लपत नाही, तो त्याच्या प्रसंगावरून ओळखला जातो. म्हणून प्रसंग एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवा आणि त्याचं कारण बदला. काकांनी दारूपायी पैसे उडवले असतील तर कादंबरीत ते मावशीच्या ऑपरेशनला गेले. राग तोच राहील, काका सुटतील. आणि एखादी गोष्ट अशी असेल की जी हलवली तर मरते आणि ठेवली तर घरातलं माणूस दुखावतं, तर ती या कादंबरीत नको. पुढच्या पुस्तकालाही काही लागेल.

राहिलं गाव. ते टाकून द्यायचं नाही, कारण ते तुमच्या घरात रोज येतच होतं: तांदळाच्या पोत्यातून, यात्रेच्या वर्गणीतून, गावच्या मंडळाच्या मुंबई शाखेच्या बैठकीतून, भावकीतल्या कुणाच्या तरी फोनवरून. सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढलं ही बातमी कोपरखैरण्यात दुपारी, वडील झोपलेले असताना येते आणि उठेपर्यंत त्यांना सांगायची नाही असं आई ठरवते. गाव असं लांबून ओढत राहिलं तर कादंबरीत त्याचं वजन जास्त पडेल. तिथे प्रत्यक्ष घडणारी प्रकरणं मे महिन्यातच घडवा, मुंबईकर म्हणूनच घडवा, पाहुण्याच्या नजरेने. ते गाव तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आणि पावसाळ्यातलं प्रकरण अगदी हवंच असेल तर लावणीच्या दिवसांत जाऊन राहा. सांगून जाऊ नका, नाहीतर पाहुणचार होईल. घरात माणसं कमी असतात, दुसऱ्या दिवशी कुणीतरी तुमच्या हातात रोपांची जुडी देईलच. तेवढे दिवस सुट्टी मिळत नसेल तर प्रकरण मे महिन्यात न्या, भांडण उन्हातही होतं.